‘उपेक्खा’ म्हणजे उपेक्षा नव्हे

‘बौद्ध ध्यान माणसाला थंड करतं, कशाचंच काही वाटेनासं होतं’ असा एक संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. गोंधळ शब्दाचा आहे. पाली ‘उपेक्खा’ आणि आपली ‘उपेक्षा’ मुळात एकच. पण मराठीत तिचा अर्थ दुर्लक्ष असा झाला. पालीत तो समचित्तता.

बौद्ध ध्यानात चार भावना जोपासतात: मेत्ता (मैत्रीभाव), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि यांच्यानंतर चौथी येते ती उपेक्खा. आधीच्या तिघींना वगळून नाही. पाचव्या शतकातले बौद्ध भाष्यकार बुद्धघोष यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या साधनेवरच्या पाली ग्रंथामध्ये अजाणतेपणातल्या बेफिकिरीला उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हटलं आहे, कारण ती वरवर तशीच दिसते! सरावाची सुरुवातही तिथे आवडत्या किंवा नावडत्या माणसापासून नाही, तटस्थ वाटणाऱ्या माणसापासून सांगितली आहे. दुःख जाणवतंच, फक्त मन त्याच्यामागे फरपटत जात नाही.