दहावीच्या वर्षात कळसूबाई चढलो, बरं का

आज सकाळी लिफ्टमध्ये एका शेजारणीनं गाठलं. "दहावीचं वर्ष ना हो त्याचं? आणि रविवारी डोंगर कसले चढताय? तेही बाबा बरोबर नसताना!" लिफ्टमध्ये लोक होते म्हणून गप्प बसले. पण दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहिते.

काय बिघडलं हो? क्लासची एक टेस्ट बुडली. बुडू दे. दहावी म्हणून खेळ बंद, मामाकडे जाणं बंद, लग्नकार्य बंद. पोर दहावीत गेलं की घराला सुतक लागल्यासारखं वागतो आपण.

पहाटेची कसारा लोकल धरली, तिथून जीपनं बारी. गावात भातकापणी चालू होती. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. लेक कानात इअरफोन घालून भराभर पुढे. दुसरी शिडी चढून आले आणि माझ्या पोटरीत असा गोळा आला की खडकावर बसलेच. थोड्या वेळानं तो खाली उतरून आला. "आई, काय झालं?" घरी मी "काही नाही" म्हणाले असते. तिथे म्हणाले, "चालवत नाहीये रे." त्यानं माझा बूट काढला, पाय सरळ केला आणि तळवा वरच्या बाजूला दाबून धरला. कबड्डीच्या सरांनी शिकवलंय म्हणे. नंतर माझी सॅक त्यानं पुढे अडकवली, स्वतःची पाठीवर होतीच.

मला सांगायचंय ते एवढंच. मी रोज दमते. ऑफिस, लोकल, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं. पण ओट्याशी उभी असलेली आई दमलेय, असं घरात कुणाला वाटतच नाही. पंधरा वर्षांत त्याला ते दिसलं नव्हतं. त्या खडकावर दिसलं. या वयाच्या मुलांनी आईबापाला दमलेलं बघायलाच हवं, आणि दमून पुन्हा उठतानाही. हजार-दीड हजार भरून पोराला ट्रेकच्या ग्रुपबरोबर पाठवलं की झालं, असं नसतं ते.

हो, शिड्यांवर गर्दी असते, धोका असतो. भर पावसात मीही नेणार नाही. आणि ज्याला यायचंच नाही त्याला फरफटत नेऊ नये, एवढं मान्य.

मी बसले होते तिथेच एक मावशी लिंबू सरबत विकत होत्या. मीठ जास्त घालून दिलं त्यांनी, आणि देवीची गोष्टही सांगितली. कळसू नावाची मुलगी केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, या अटीवर एका घरी कामाला राहिली. एक दिवस नेमकं तेच काम सांगितलं, तशी निघाली आणि डोंगरावर आली, ती कायमचीच. माझा पाय हातात धरून बसलेला लेक म्हणाला, "बरोबर केलं तिनं."

त्या रात्री घरी आल्यावर दोघांचे डबे त्यानं घासले. सोमवारी ताट पुन्हा टेबलावरच होतं, ते सोडा. पण आज ऑफिसमधून आले तर विचारलं, "पाय कसाय?" हे कुठल्या क्लासात शिकवतात?

वर देवळाशी पोचलो तेव्हा समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी. मदन कुठला यावर आमचं भांडण झालं. किती महिन्यांनी अभ्यास सोडून कशावर तरी भांडलो!

आणि बाबा बरोबर नव्हते, त्याचं काय? बाबा त्या दिवशी घरी आजीपाशी होते. त्यांनीच भाकरी टाकून ठेवली होती, परत आल्यावर खायला.

पुढच्या महिन्यात हरिश्चंद्रगड, खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या वाटेनं. त्या रविवारीही टेस्ट आहे. आम्ही जाणार. दहावीतलं पोर घेऊन कुणाला यायचं असेल तर खाली लिहा, जीप एकत्र करू.