20,000 वेळावाला फॉरवर्ड आणि आईची पिशवी

सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी परत तो मेसेज टाकलाय: डेन्मार्क सरकार म्हणतं कापडी पिशवी 20,000 वेळा वापरली तरच फायदा, म्हणजे रोज वापरून 54 वर्षं, एक किलो कापसाला 10,000 लिटर पाणी लागतं, प्लास्टिकची पिशवी आपण डस्टबिनला लावतोच, सबब बंदी म्हणजे नाटक. आकडे अगदीच हवेतले असते तर सोडून दिलं असतं, पण ते अर्धे खरे आहेत म्हणून लिहायला बसलो.

आधी 20,000. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा 2018 चा अभ्यास खराच आहे. त्यात पिशवी बनवण्यापासून कचऱ्यात जाईपर्यंतचा हिशोब बऱ्याच रकान्यांत मांडलाय, हवामानबदल, पाणी, ओझोन वगैरे, आणि 20,000 हा आकडा सेंद्रिय कापसाच्या पिशवीचा, तोही सगळ्यात वाईट रकाना धरून. नुसतं हवामान बघितलं तर तीच पिशवी 149 वेळा, आणि साध्या कापसाची फक्त 52 वेळा. बावन्न! म्हणजे दर बुधवारी नाशिकच्या गोदाकाठच्या बाजारात नेली की वर्षात फिटंफाट. वर गंमत अशी की सेंद्रियवाली पिशवी मापाला जराशी लहान भरली म्हणून तिथे हिशोबात एकाऐवजी दोन धरल्यात.

डस्टबिनचं म्हणाल तर तिथली प्लास्टिकची पिशवी सुपरमार्केटची, चांगली जाड, ती कचऱ्यासकट भट्टीत जाते आणि त्यातून वीज, उष्णता मिळते असं धरलंय. आपल्या भाजीवाल्याची पिशवी मेथीच्या काडीने घरी येईपर्यंत फाटते, तिला डस्टबिनला काय लावणार. आणि लावलीच तर ओला कचरा गाठ मारून घंटागाडीत जातो, मग खताच्या ढिगातून ती वेगळी काढत बसा. शिवाय पिशवी रस्त्यावर, नाल्यात पडली तर काय, हे त्या अभ्यासात मोजलेलंच नाही, तिकडे तसं फारसं होत नाही म्हणून. पावसाळ्यात सराफ बाजारात पाणी शिरतं तेव्हा येऊन बघा म्हणावं.

आता काकांच्या बाजूने एक सांगतो. पातळ पिशवीला प्लास्टिकच कमी लागतं, म्हणून तिच्याशी तुलना केली की कापडाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, ब्रिटनच्या 2011 च्या अहवालात हवामानाच्या हिशोबाने 131. दर आठवड्याला एक धरली तर अडीच वर्षं. आईची एक पिशवी बाबांच्या जुन्या पँटची आहे, मी कॉलेजला होतो तेव्हापासून चालू आहे, आता मला टक्कल पडायला लागलंय. आणि हे सगळे आकडे नवीन कापसापासून शिवलेल्या पिशवीचे, जुन्या पँटीला नवा कापूस कुठे लागला? दोरा आणि मशीनवर अर्धा तास, बस.

पाण्याचे 10,000 लिटर हा जगाचा सरासरी अंदाज, त्यात पावसाचं पाणीही आलं. विदर्भातली बरीचशी कपाशी कोरडवाहूच आहे. कपाशीचं खरं दुखणं फवारणी आहे, 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, मजूर गेले, पण ते फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही.

फॉरवर्ड एका ठिकाणी मात्र बरोबर बसतो. लग्नात, हळदीकुंकवाच्या वाणात मिळालेल्या कोऱ्या कापडी पिशव्या. आमच्याकडे कपाटात 14 पडल्यात, एकीची घडीसुद्धा मोडलेली नाही, त्या 52 पर्यंतही जाणार नाहीत.

आणि काका, दुकानातून तुम्ही ती रंगीत, हाताला कापडासारखी लागणारी पिशवी "कापडीच आहे" म्हणून आणता ना, ती पॉलिप्रॉपिलीन आहे, प्लास्टिकच. फेकू नका पण, त्या ब्रिटनवाल्या हिशोबात तिला 11 वेळाच लागतात.