एक लाथ आणि निघा

ट्रक काढण्याआधी हवेचं मीटर हातात घेणारा ड्रायव्हर दिसला, की समजावं, पोरगं नवीन आहे. तुम्ही मुरलेले. तुम्ही बुटाची एक लाथ हाणा. टायर 'ठप्प' म्हणाला, की हवा बरोबर. ११० पीएसआय दाबाचा टायर आणि ८०चा टायर लाथेला जवळपास सारखंच उत्तर देतात, हा टायरचा दोष. त्यांनी स्पष्ट बोलायला शिकावं.

मागे शेजारी-शेजारी बसवलेल्या जोडीतल्या आतल्या टायरपर्यंत लाथ पोचतच नाही, म्हणजे तो बिनविरोध पास. त्याच्या वॉल्व्हपर्यंत हात घालायचा तर बाही काळी होते, कोपर खरचटतं. इतका त्रास कशाला? बाहेरचा ठणठणीत दिसतोय ना? आतल्याची हवा गेली, की त्याचंही ओझं बाहेरचा मुकाट्याने उचलतो. (एकत्र कुटुंबात एखादा कमावता भाऊ असतो, तसा. तोही एकदमच बसतो.) दोघांच्या मधे दगड अडकला असेल तर काढू नका. मागून येणाऱ्या गाडीच्या काचेसाठी तो राखीव आहे.

दुपारी कुठे थांबलात, की टायरला हात लावून बघा. चटका बसतोय? एरवी मीटर बघू नका, पण आता जरूर बघा. सकाळचे ११० आता १२५ झालेत? लगेच १५ सोडून द्या. धावल्यावर टायर तापतो, तापल्यावर दाब वाढतोच, भरायचा आकडा थंड टायरसाठी दिलेला असतो, हे सगळं पुस्तकी ज्ञान. तुम्ही सोडा. उद्या सकाळी टायर गार झाला, की ९५च्या आसपास उरतील. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबतो म्हणून आणखी तापतो, आणि तापला, की पुन्हा हवा सोडायला तुम्ही आहातच. असं करता करता एक दिवस आतले पट्टे आणि वरचं रबर काडीमोड घेतात आणि नक्षीची लांबलचक साल रस्त्यावर पडते. तेव्हा ठेवणीतलं वाक्य बाहेर काढायचं: "रिट्रेडच होता, दुसरं काय होणार!" (रिट्रेड म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला.)

टायरचं वय विचारू नये. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. ते आतल्या बाजूला जातील असा टायर चढवला, की तो चिरतरुण. चाक बदलल्यावर थोडं अंतर जाऊन नट पुन्हा आवळतात म्हणे. ढिले झाले तर आपणहून कळवतीलच.

आता खरी कसोटी. हवा गेलेला टायर तुम्ही बराच पल्ला तसाच पळवलाय, बाजूची भिंत चेपून सुरकुतलीये. रिमवरून उतरवून आतून तपासत बसू नका, आहे त्यातच हवा मारा. हवा भरताना टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवतात म्हणे. पिंजऱ्यात ठेवायला तो काय वाघ आहे? लांब नळी लावून बाजूला उभं राहून भरणारेही असतात, पण मग टायरच्या पोटातली 'तट् तट्' कशी ऐकू येणार? तुम्ही भिंतीसमोरच उकिडवे बसा, कान जवळ न्या. आतल्या तारा एकेक तुटताना तोच आवाज येतो. आला, की आणखी थोडी मारा.