इचिगन

अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला लेकीकडे येऊन चार दिवस झाले नव्हते, तोच जावयांनी विचारलं, "बाबा, तुमच्याकडे पिवळं काही आहे का?"

मला वाटलं, कुणाची तरी हळद आहे. चौकशी केली तर कळलं, शनिवारी फुटबॉल आहे. मिशिगन विद्यापीठाचे रंग म्हणजे मका आणि निळा. १८६७ साली तिथल्या विद्यार्थ्यांनीच ते ठरवले. मका कसला, शुद्ध हळद! यांच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात आणि काही सामन्यांना सगळ्यांनी पिवळंच घालून यायचं असं फर्मान निघतं. टीव्हीवर ते दृश्य बघून हिने हात जोडले. "अगबाई, सोमवतीची जेजुरी!"

तर मलाही एक पिवळा शर्ट घेणं आलं. आता मी इचलकरंजीचा. गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, आणि माझी स्वतःची चाळीस वर्षं कापडाच्या पेढीवर गेली. कापड डोळ्यांनी बघायचं नसतं, चिमटीत धरायचं असतं, हे मला वडिलांनी चापट मारून शिकवलेलं. त्यामुळे दुकानात शिरल्या शिरल्या मी प्रत्येक शर्टाची कड चिमटीत धरू लागलो आणि लेक माझ्यापासून दोन रॅक लांब उभी राहू लागली.

काय तो माल! 'मिशिगन डॅड', 'मिशिगन मॉम', 'मिशिगन ग्रँडपा', तान्ह्या बाळाचं झबलं, कुत्र्याचं जाकीट. जेवढी नाती तेवढे शर्ट. 'मिशिगन व्याही' तेवढा नव्हता, आणि आमच्याकडे आहेराला नेमका तोच लागला असता.

एक जाड स्वेटशर्ट मात्र हातात आला आणि मी थबकलोच. कापड उभं न बेतता आडवं बेतलेलं, म्हणजे धुतल्यावर आटलं तरी उंचीला आखूड होत नाही. आणि रुंदीला आवळू नये म्हणून दोन्ही कुशींत रिबच्या पट्ट्या. चँपियन कंपनीची ही जुनी युक्ती. आमचं काम ताण्याबाण्याचं, होजिअरीतलं मला फार कळत नाही. पण ज्याने हे पहिल्यांदा बेतलं त्याला मी मनातल्या मनात रामराम घातला. मग किमतीची चिठ्ठी उलटली. सत्तर डॉलर. 'रुपये करायचे नाहीत' अशी शपथ लेकीने विमानतळावरच घातली होती. मी केले. सहा हजार! एवढ्यात एका मध्यम लग्नातली टॉवेल-टोपी उरकते.

शेजारच्या टी-शर्टखाली हात घातला तर आरपार माझी आयुष्यरेषा दिसली. तो चाळीस डॉलरचा. त्याच्या पलीकडे मुद्दाम विटवलेले, छपाईला मुद्दाम तडे पाडलेले शर्ट होते. त्यांना 'विंटेज' म्हणतात आणि ते नव्यापेक्षा महाग असतात. असा माल आमच्या पेढीवर आला असता तर मी गाडी परत पाठवून वर क्रेडिट नोट मागितली असती.

जावई म्हणाले, हा स्वेटशर्ट मुळात आला तोच कॉलेजच्या फुटबॉलमधून. अलाबामात रसेल नावाच्या गिरणीवाल्याचा मुलगा खेळायचा. लोकरीच्या जर्सीने अंगाला खाज सुटायची म्हणून १९२६ साली त्याने बापाला सुती जर्सी करायला सांगितलं. बापाच्या गिरणीचा इतका सरळ उपयोग करणारा मुलगा मी पहिल्यांदाच ऐकला. आमच्याकडची पोरं माग भंगारात घालून पुण्यात फ्लॅट घेतात.

शेवटी गावाबाहेरच्या एका दुकानात, खोक्यात ढीग घालून ठेवलेल्या मालातला एक शर्ट मी पंधरा डॉलरला घेतला. चिमटीने 'नको' म्हटलं होतं. पण त्यावर अधिकृत मालाचा चकचकीत शिक्का होता. तो शिक्का नावाचा असतो, सुताचा नसतो, हे चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

पहिल्याच धुण्यात बाही मनगट सोडून कोपराकडे निघाली. दुसऱ्या धुण्याला ड्रायरमधून माझी लुंगी बाहेर आली, आणि लुंगीला घट्ट चिकटून 'एम' हे अक्षर. बाकीची सात शर्टावर ठाम. सात अक्षरं टिकली म्हणून मी खूश होतो आणि तोच शर्ट घालून फिरायला गेलो.

तो आठवडा नोव्हेंबरअखेरचा. ओहायो स्टेट विद्यापीठाशी सामना तोंडावर आलेला. हे कोलंबस गावचे लोक यांचे हाडवैरी. इंग्रजीतल्या 'द' या शब्दाचा कपडे-टोप्यांसाठीचा ट्रेडमार्क त्यांनी २०२२ साली मिळवला, म्हणजे माणसं किती चिवट असतील बघा. सामन्याच्या आठवड्यात ते आपल्या आवारातल्या पाट्यांवर जिथे जिथे 'एम' दिसेल तिथे लाल फुली मारतात. 'एम' मुळी जगात नकोच.

आणि मी 'एम' नसलेला मिशिगन छातीवर मिरवत अ‍ॅन आर्बरच्या भर चौकात.

कॉफीच्या दुकानाबाहेरचे एक गृहस्थ कप तसाच हातात धरून बघत राहिले. एका आजीबाईंनी मान हलवली. एक पोरगा म्हणाला, "नाइस ट्राय, सर." मी म्हणालो, "थँक यू." घरी आलो तर जावयांचा चेहरा पडला. "बाबा, असे किती लांब जाऊन आलात?"

"सगळी मेन स्ट्रीट. परतही तिथूनच."

त्यांनी खुर्चीत बसून घेतलं. लेक मात्र हसून हसून लोळत होती.

रात्री इचलकरंजीला बाळूचा व्हिडिओ कॉल लागला. आमच्या शेजारच्या पेढीवरचा. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा लावला आणि माझ्या छातीवरचं एकेक अक्षर जुळवत वाचलं, "इ... चि... गन." मग म्हणाला, "आरं, एवढ्या लांब अमेरिकेत गेलास, तर गावाचं नाव तरी सगळं छापून घ्यायचं की!"