माहेरी बसलेल्या अकरा जणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेनं बीड जिल्ह्यातल्या काही गावांत एकल महिलांचं सर्वेक्षण केलं. कार्यकर्त्या मोबाईलवर मुलाखती रेकॉर्ड करायच्या, ऑफिसातला मुलगा तो ऑडिओ एआयला द्यायचा आणि चहा येईपर्यंत इंग्रजी मजकूर, वर एक्सेलचा तक्ता तयार. पूर्वी याच कामात आमचा दीड महिना जायचा. आम्ही खूश, डोनर आमच्याहून खूश.

एका संध्याकाळी आमची एक जुनी कार्यकर्ती सहज प्रिंटआउट चाळत होती. तिला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. म्हणाली, "ताई, ह्या गावात मी सतरा बायांशी बोलले. इथं सहाच कशा?"

शोधाशोध केली. उरलेल्या अकरा जणी 'व्हिजिटिंग पेरेंट्स' असं लिहिलेल्या रकान्यात सापडल्या. बायांनी सांगितलं होतं, "तीन वर्सं झाली, म्हायेरी बसलेय." यंत्रानं शब्दाला शब्द लावला. आली असेल बाई आईबापाकडे चार दिवस! एका ठिकाणी तर "नांदवत नाही"चं "नांदेडात नाही" झालं होतं. त्यावर आम्ही हसलोसुद्धा. मग कोणीतरी म्हणालं, ही यादी परवा तहसीलला द्यायचीय. आणि हसणं थांबलं.

माहेरी बसणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. नवऱ्यानं टाकलं, कोर्टाचा कागद नाही, सासरच्या रेशनकार्डावर नाव अडकलेलं, भावजयीच्या स्वयंपाकघरात उपऱ्यासारखं जगणं. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये मिळवायचे तर आधी ती परित्यक्ता आहे हे कागदावर यावं लागतं. आमच्या कागदानं तिला पाहुणी करून टाकलं होतं.

यावर ऑफिसात दोन मतं पडली. एक, हे एआय-बिआय बंद करा. दुसरं, पुढचं व्हर्जन येईल तेव्हा सुधारेल. मला दोन्ही पटली नाहीत. यंत्र चुकलं हे खरं, पण माणूसही चुकतो. खरी गोची वेगळीच होती. ज्या मला इंग्रजी मजकूर वाचता येत होता, ती मी त्या गावात गेलेच नव्हते. आणि जी गावात गेली होती, तिला तो मजकूर वाचता येत नव्हता. म्हणजे चूक जिच्या नजरेला पडली असती, तिच्याच हातातून आम्ही कागद काढून घेतला होता, तोही कामाला वेग यावा म्हणून. तिनं आकडे मोजले हे आमचं नशीब.

अमेरिकेत २०२३ साली असंच, पण फार मोठं झालं. खाण्याच्या विकारांवर काम करणारी 'नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन' ही तिथली नावाजलेली संस्था. वीसेक वर्षं त्यांची हेल्पलाइन चालत होती. मूठभर पगारी माणसं, बाकी स्वयंसेवक. कामाचा ताण असह्य झाला म्हणून कर्मचाऱ्यांनी युनियन केली. थोड्याच दिवसांत संस्थेनं हेल्पलाइन बंद करायचं जाहीर केलं. 'टेसा' नावाचा चॅटबॉट तेवढा चालू राहणार होता. मे महिन्याच्या शेवटी उघडकीला आलं की हा चॅटबॉट लोकांना वजन कमी करायच्या टिपा देतोय: रोज ५०० ते १००० कॅलरी कमी खा, आठवड्याला वजन करा. ज्यांचा आजारच उपाशी राहण्याचा, त्यांना हा सल्ला! चॅटबॉट तातडीनं बंद करावा लागला. टेसा मुळात ठरलेली, तपासलेली उत्तरं देणारा होता. चालवणाऱ्या कंपनीनं मध्येच त्यात नवं एआय घातलं. संस्थेचं म्हणणं, आम्हाला हे सांगितलंच नव्हतं. नसेल सांगितलं. पण रोज फोन घेणारी माणसं आसपास असती, तर त्यांच्या कानाला ते पहिल्या दिवशी खटकलं असतं. त्यांनाच तर घरी पाठवायचं ठरलं होतं.

उलट उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. 'आरमान' ही संस्था 'एममित्र'मधून गरोदर बायांना आणि नव्या आयांना फोनवर रेकॉर्ड केलेले आरोग्यसंदेश ऐकवते, फुकट. अडचण अशी की बऱ्याच जणी मध्येच ऐकणं सोडतात. फोन नवऱ्याकडे असतो, वेळ जुळत नाही, कंटाळा येतो. प्रत्येकीला माणसानं फोन करून समजावायचं म्हटलं तर तेवढी माणसं नाहीत. मग गुगल रिसर्चच्या मदतीनं त्यांनी एक पद्धत बसवली: कोण किती ऐकतंय यावरून यंत्र या आठवड्यात कोणाला फोन केला तर उपयोग होईल याची यादी काढतं. सुमारे २३ हजार बायांवर त्याची चाचणी घेतली, तेव्हा ऐकणं सोडण्याचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालं. मला यातलं आवडलेलं म्हणजे, बाईशी बोलायला शेवटी माणूसच आहे. यंत्रानं फक्त फोन कोणाला लावायचा तेवढं सांगितलं.

आता आमच्यासारख्या लहान संस्थांचं दुखणं. एक तर इंग्रजी. सतरा वर्षं बघतेय, ज्याचं इंग्रजी चांगलं त्याचं प्रपोजल मंजूर. गावात अर्धं आयुष्य घालवलेली कार्यकर्ती डोनर मीटिंगला कोपऱ्यात गप्प. आज तीच मराठीत बोलून इंग्रजी मेल पाठवते, हे बघून मला खरंच भरून येतं. म्हणून 'एआय नकोच' म्हणणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मित्रांचा मला थोडा रागही येतो. तुम्हाला परवडतं बाबांनो.

दुसरं म्हणजे पैसा. प्रकल्पाला पैसे मिळतात, ऑफिसला नाही. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च आधी ५० टक्क्यांपर्यंत करता यायचा, २०२० च्या दुरुस्तीनं तो २० वर आला. मग चांगलं, सुरक्षित सॉफ्टवेअर कशातून घ्यायचं? पोरं फुकटातलं वापरतात. मारहाण झालेल्या बाईचा जबाब नाव-गावासकट फुकटच्या चॅटबॉटमध्ये पेस्ट झालेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, आमच्याच ऑफिसात. त्या बाईनं आम्हाला सांगितलं होतं, चॅटबॉटला नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, दंडाची कमाल रक्कम २५० कोटी. आमची सगळी संस्था विकली तरी त्याचं व्याज निघायचं नाही. पण मला दंडापेक्षा त्या बाईला तोंड दाखवायची भीती जास्त वाटते.

आम्ही फार मोठं धोरण वगैरे केलेलं नाही. नावं आणि गावं ऑफिसातल्या वहीत, यंत्राला फक्त क्रमांक. मजकूर आधी मराठीत उतरवायचा, मुलाखत घेणारीनं तो वाचायचा, सही करायची, मगच इंग्रजी. दीड महिन्याचं काम चार दिवसांवर आलं होतं, आता बारा दिवस लागतात. केस स्टडी लिहायला एआय पूर्ण बंद. एकदा त्यानं आमच्या एका बाईच्या तोंडी घातलं होतं, 'आज समाजात मला सन्मान मिळाला.' तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "सन्मान कुटला? रेशनकार्ड भेटलं तेवडं लिवा."

डोनरला पाठवलेल्या नव्या फॉर्ममध्ये 'माहेरी बसलेली' असा रकाना ठेवलाय, भाषांतर न करता. त्यांच्या प्रोग्राम ऑफिसरचा मेल आला, याचा अर्थ कळला नाही, गुरुवारी कॉलवर बोलू या का? कॉलवर मी नसणार. सतरा मोजणारी कार्यकर्ती बोलणार आहे, मराठीत. तिनं आत्ताच विचारलं, "किती वेळ हाय त्यांच्याकडं? अर्धा तास? मग एकीचंच सांगून व्हईल."