उन्हाळा, डोळे आणि मेडिकलमधली छोटी बाटली

मार्च उजाडला की आमच्या अकोल्यात रस्त्याकडेला गॉगलचे स्टँड लागतात आणि फेसबुकवर डोळ्यांवर काकडीचे काप ठेवलेले फोटो दिसू लागतात. दोन्हींवर माझा राग नाही. चष्म्याच्या दुकानात बसून लोकांचे नंबर काढणं हे माझं काम, आणि गॉगल आम्हीही विकतो. पण ‘उन्हाळ्यात डोळ्यांची काळजी’ या नावाखाली जे फिरत असतं त्यात एक विषय कधीच नसतो. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेला, लाली झटक्यात घालवणारा ड्रॉप. माझ्या मते आपल्याकडच्या पोरांच्या डोळ्यांना उन्हापेक्षा त्याची भीती जास्त आहे.

उन्हाळ्यात दुकानात येणारी ही मुलं लांबूनच ओळखू येतात. वय पाच ते पंधराच्या मधलं, बहुतेक मुलगेच. डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा रंग मळकट झालेला, हात सारखा डोळ्यावर, उजेडात डोळे किलकिले. सकाळी चिपडं काढायला गेलं की लांब तार निघते. ही डोळ्यांची ॲलर्जी. डॉक्टर तिला व्हर्नल म्हणतात. कोरडी, गरम, धुळीची हवा तिला मानवते, म्हणजे आपला विदर्भ तिला अगदी माहेरासारखा. ही ‘डोळे आले’ची साथ नव्हे, दुसऱ्याला लागत नाही, आणि बहुतेक मुलांमध्ये वयात आल्यावर हळूहळू कमी होते. तोपर्यंत मात्र दर उन्हाळ्यात हजेरी लावते.

आता घरचे काय करतात? आई मेडिकलवर जाते, “डोळे लाल झाले, खाज येते” म्हणते. काउंटरवरचा पोरगा एक बाटली काढून देतो. संध्याकाळपर्यंत डोळे पांढरे, पोरगं हसरं, घर निवांत. पुढच्या वर्षी दुकानदाराला विचारायचीही गरज नाही, रिकामी बाटली दाखवली की झालं. मी विचारलं की हमखास उत्तर येतं, “सर, मागच्या साली यानंच बरं वाटलं होतं, म्हणून तोच आणला.”

बरं वाटतं ते खरंच आहे, गोम तिथंच आहे. त्या बाटलीत बऱ्याचदा अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असतं. ही स्टेरॉइड. सूज, लाली, खाज सगळं एकदम दाबून टाकतात. पण महिनोन्‌महिने घातली तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असावा लागतो. वाढलेला दाब डोळ्यामागच्या नसेला हळूहळू मारतो, आणि ही नस एकदा गेली की कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. हाच काचबिंदू. दुखत नाही, टोचत नाही, नजर कडेकडून कमी होत जाते आणि समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं. दहा वर्षांचं पोर कशाला सांगेल की मला बाजूचं कमी दिसतंय? त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. वरून स्टेरॉइडमुळे कोवळ्या वयात मोतीबिंदूही होऊ शकतो. आणि डोळ्यात काडी-कुसळ लागून बुरशीची जखम झाली असेल, जी शेतावर राबणाऱ्यांमध्ये नेहमीची आहे, तर हाच ड्रॉप ती जखम आणखी पसरवतो.

म्हणून स्टेरॉइड वाईट का? अजिबात नाही. ॲलर्जी जोरात असली की डोळ्यांचे डॉक्टर स्वतःच ते लिहून देतात. पण किती दिवस, दिवसातून किती वेळा, कमी कसं करत आणायचं हे ठरवून, आणि मधे बोलावून दाब तपासून. तेव्हा ही पोस्ट वाचून डॉक्टरांनी दिलेला ड्रॉप मनानेच बंद करू नका. माझं भांडण आहे ते विनाचिठ्ठीच्या विक्रीशी. कायद्याने ही औषधं शेड्यूल एच मध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. खोक्यावर तसं छापलेलं असतं, अगदी बारीक अक्षरात. काउंटरवर ते वाचतो कोण?

चोळण्याचं वेगळंच. वर्षानुवर्षं मुठीने डोळे रगडणाऱ्या मुलांमध्ये बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा धोका असतो. दर सहा महिन्यांनी सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाच्या वेड्यावाकड्या गोलाईमुळे लागणारा चष्म्याचा नंबर, वाढत चाललेला मुलगा समोर बसला की मी चष्मा बनवायच्या आधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. गिऱ्हाईक चिडतं. चिडू दे.

खाज सुटली की स्वच्छ रुमाल थंड पाण्यात भिजवून बंद डोळ्यांवर ठेवा. साधे कृत्रिम अश्रूंचे थेंब फ्रिजमध्ये ठेवून घातले तर पोरांना फार बरं वाटतं. ॲलर्जीसाठी ओलोपॅटाडिनसारखे बिगर-स्टेरॉइड ड्रॉप आहेत, तेही डॉक्टरांना विचारूनच. कोणतीही साधी बाटली फोडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायची, मागच्या उन्हाळ्याची तर मुळीच नको. गुलाबजल, मध, एरंडेल डोळ्यात घालू नका. आजीने घातलं होतं, मान्य. पण बाजारातलं गुलाबजल निर्जंतुक नसतं.

कूलरबद्दल एक सांगायचंच आहे. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत कूलर बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही. पण त्याचा झोत थेट तोंडावर घेऊन रात्रभर झोपलं की सकाळी डोळे वाळूसारखे खुपतात, कारण डोळ्यावरचं पाणी उडून जातं. तोंड बाजूला करा. ताट्या दरवर्षी नव्या घाला आणि टाकीतलं पाणी बदलत राहा. जुन्या ताटीतली धूळ आणि बुरशी घरभर फिरवायची अन् ॲलर्जीला दोष द्यायचा, हे काही बरोबर नाही.

आता गॉगल, थोडक्यात. काच काळी म्हणजे चांगली हा गैरसमज आहे. ४०० नॅनोमीटरपर्यंतची अतिनील किरणं अडवणारी काच हवी, मग ती फिकट का असेना. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि काच किरणं अडवत नसेल तर ती आत जास्त शिरतात. पोलराइज्ड म्हणजे चकाकी कमी करणारी काच, अतिनील किरणांचा तिच्याशी संबंध असेलच असं नाही. ज्या दुकानात तपासायचं यंत्र आहे तिथे तपासून मागा. शेतात, रस्त्याच्या कामावर, ट्रॅफिकच्या ड्युटीवर दिवस काढणाऱ्यांच्या बुबुळावर नाकाच्या बाजूने मांसाची वेल चढते, त्यात उन्हाचा मोठा वाटा आहे. त्यांनी रुंद कडेची टोपी आणि बरा गॉगल, दोन्ही वापरावं.

तर आज घरातल्या औषधांच्या डब्यात बघा. डोळ्याच्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल किंवा डायफ्लुप्रेडनेट यातलं एखादं नाव आहे का? असेल आणि ती चिठ्ठीशिवाय आणली असेल, तर पोराच्या डोळ्याचा दाब या आठवड्यात तपासून घ्या. सरकारी जिल्हा रुग्णालयातही डोळ्यांचा विभाग असतो. नाव वाचता येत नसेल तर बाटलीचा फोटो खाली टाका, स्टेरॉइड आहे की नाही एवढं मी सांगेन. त्याऐवजी कोणता घालू ते मात्र मला विचारू नका, मी डॉक्टर नाही.