काजव्यांच्या फोटोसाठी टॉर्च लागत नाही, आणि एफ १.४ लागतंच असंही नाही

मे महिना निम्मा सरला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. नाव ‘प्रोफेशनल नाईट फोटोग्राफीची सूत्रं’. वर हजारो ठिपक्यांनी लगडलेल्या झाडाचा फोटो, त्याखाली ‘एकाच क्लिकमध्ये, एफ १.४ वर’ अशी ओळ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं). यंदा तो माझ्या धाकट्या भावाकडून आला. ‘दादा, हे खरं आहे का सांग. पोरगी आहे ती लेन्स विकून २४ एमएम एफ १.४ घ्यायची म्हणतेय.’ पुतणीकडे २४ मेगापिक्सेलची क्रॉप बॉडी (फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरपेक्षा, लहान सेन्सरचा कॅमेरा) आहे आणि त्यावर १२ एमएम एफ २ ची मॅन्युअल फोकस लेन्स, म्हणजे हाताने रिंग फिरवून फोकस लावायची. भंडारदऱ्याला काजवे आणि आकाशगंगा टिपायला निघालेल्या मुलीकडे याहून योग्य जोडी क्वचितच असते, आणि तीच ती विकायला निघाली होती.

मेसेज म्हणतो: एफ १.४ मध्ये एफ २.८ च्या चौपट प्रकाश येतो, म्हणून २४ एमएम एफ १.४ ही १४ एमएम एफ २.८ पेक्षा चौपट चांगली. मॅन्युअल लेन्सची रिंग इन्फिनिटीला (अनंत अंतराच्या खुणेला) टेकेपर्यंत फिरवा आणि विसरून जा. दिसत नसेल तर झाडावर टॉर्च मारा. शटर ५०० च्या नियमाने ठेवा. क्रॉप बॉडीवर एफ २ चं एफ ३ होतं. ऑटोफोकस लेन्स रात्री निरुपयोगी. आणि स्वस्त-महाग लेन्समध्ये फरक फक्त नावाचा.

सगळ्यात घातक सूत्र आधी घेतो. मूळ शब्द असे: ‘झाडावर पॉवरफुल टॉर्च किंवा गाडीचा हेडलाइट मारून फोकस लावा, मग बंद करा. काजवे पुन्हा चमकायला लागतात.’

काजवे आपल्या करमणुकीसाठी चमकत नाहीत. नर-मादी एकमेकांना शोधतात ते या चमकण्यावरूनच. आयुष्याचा बहुतेक काळ हा किडा अळीच्या रूपात मातीत असतो. पंख फुटल्यावर जोडीदार शोधायला त्याच्या हातात थोडेच आठवडे उरतात, आणि तेही पाऊस धरायच्या आधीचे. त्या आठवड्यांत घाटघर, रतनवाडी, मुरशेतच्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडीतला एक जण ‘फक्त फोकसपुरता’ टॉर्च मारणार असेल, तर हिरड्या-बेहड्याच्या त्या झाडावर रात्रभर कोणी ना कोणी टॉर्च मारतच राहणार. २०२० साली ‘बायोसायन्स’ या शोधपत्रिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या सारा लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या काजवा-अभ्यासकांची मतं गोळा करून लेख लिहिला. काजव्यांना असलेल्या धोक्यांत पहिला क्रमांक अधिवास नष्ट होण्याचा लागला, आणि त्याच्या पाठोपाठ रात्रीचा कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशकं. काजवे बघायला होणाऱ्या पर्यटनाची काळजीही त्याच लेखात आहे. हे वाचून कोणाला टॉर्च मारावासा वाटत असेल तर त्याने भंडारदऱ्याला जाऊच नये.

आणि खरा संताप पुढचा आहे: मॅन्युअल फोकस लेन्सला टॉर्चची गरजच नसते. या लेन्सचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे एकदा लावलेला फोकस हात लावेपर्यंत हलत नाही. साडेसहापर्यंत जागेवर पोचा. उजेड आहे तोवर ट्रायपॉड रोवा, झाड निवडा, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चालू दृश्य) दहापट मोठा करून खोडाच्या सालीवर फोकस लावा. सालीच्या भेगा आणि त्यांतली वाळकी शेवाळं सुटी सुटी दिसली की रिंगवर चिकटपट्टी मारा. मग स्क्रीनचा उजेड अगदी मंद करा आणि अंधाराची वाट बघा. रात्री रिंगला हात लावायचाच नाही. पायाखालचं बघायला मंद लाल दिवा पुरतो, तोही जमिनीकडे धरलेला. झाडाखाली शिरायचं नाही, कारण गवतातही काजवे असतात.

‘इन्फिनिटीला टेकवा आणि विसरा’ या सूत्राचं काय होतं तेही पाहा. झाड ५ मीटरवर आहे आणि २४ एमएम एफ १.४ लेन्स इन्फिनिटीला आहे, तर त्या झाडावरचा काजवा सेन्सरवर सुमारे ८२ मायक्रॉन रुंदीची चकती होऊन उमटतो. पुतणीच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, म्हणजे ठिपक्याच्या जागी २१ पिक्सेलचा भोपळा. तिच्या १२ एमएम एफ २ वर हीच चूक केली तर चकती १४ मायक्रॉनची, जेमतेम चार पिक्सेल. म्हणजे मेसेजमधला सल्ला मेसेजनेच सुचवलेल्या लेन्सवर जास्त अंगाशी येतो.

ताऱ्यांसाठी तरी इन्फिनिटीची खूण बरोबर ना? तेही नाही. बऱ्याच मॅन्युअल लेन्सची रिंग इन्फिनिटीच्या थोडी पलीकडे जाते, कारण थंडी-उष्णतेने आणि अ‍ॅडॅप्टरच्या जाडीने खरी जागा सरकते आणि बनवणाऱ्याला तेवढी मोकळीक ठेवावी लागते. टेकेपर्यंत फिरवलं की तारे फुगतात. इरिक्सच्या १५ एमएम एफ २.४ ला इन्फिनिटीवर ‘टक्’ करून बसणारी खाच आहे आणि रिंग लॉकही करता येते. ती सोय चांगली, पण तिथेही खात्री ताऱ्यावरच करायची. मे-जूनमध्ये संध्याकाळी चित्रा आणि स्वाती डोक्याच्या आसपास असतात. त्यांतली एक स्क्रीनवर दहापट मोठी करा, रिंग सावकाश फिरवा, चांदणी बारीक होत होत पुन्हा फुगायला लागली की मागे या. सगळ्यात बारीक दिसते ती जागा खरी.

आता ५०० चा नियम. फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सच्या एमएमच्या आकड्याने, ५०० ला भागा, तेवढे सेकंद शटर उघडा, तारे ठिपकेच राहतील, असं सांगतात. हा सरसकट खोटा आहे असं मी म्हणणार नाही, फिल्मच्या दिवसांत आणि छोट्या प्रिंटवर तो चालून जायचा. पण गणित करून पाहा. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. ५०० च्या नियमाने कुठलीही लेन्स लावा, खगोलीय विषुववृत्ताजवळच्या ताऱ्याची रेघ सेन्सरवर सुमारे ०.०३६ मिलिमीटर लांब येते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, म्हणजे रेघ बरोबर रुंदीच्या हजाराव्या भागाएवढी. २४ मेगापिक्सेलवर ती सहा पिक्सेल होते, ४५ वर आठ. हा ठिपका नव्हे.

फ्रान्समधल्या ल हाव्रच्या खगोल संस्थेतले फ्रेदेरिक मिशो यांनी याऐवजी एनपीएफ नावाचं सूत्र दिलं. त्याचं सोपं रूप लक्षात राहण्यासारखं आहे: अ‍ॅपर्चरच्या आकड्याला ३५ ने गुणा, पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या मापाला ३० ने गुणा, बेरीज करा, फोकल लेंग्थने भागा. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमवर १४ एमएम एफ २.८ ला २० सेकंदांच्या आत राहावं लागतं, ५०० चा नियम तिथे ३५ सांगतो. २४ एमएम एफ १.४ ला मिळतात फक्त साडेनऊ सेकंद.

याच आकड्यांनी ‘चौपट’चा फुगा फुटतो. प्रकाश चौपट खरा, पण वेळ निम्मा, म्हणून आकाशगंगेच्या पट्ट्यासाठी फायदा दुपटीच्याही किंचित खाली. शिवाय १४ एमएममध्ये कर्णावर ११४ अंश मावतात आणि २४ मध्ये ८४. पुतणीच्या कॅमेऱ्यावर तर निकाल उलटाच लागतो. त्या बारीक पिक्सेलवर २४ एमएम एफ १.४ ला सात सेकंदांपेक्षाही कमी मिळतात आणि १२ एमएम एफ २ ला साडेपंधरा. गुणाकार केला तर नव्या महागड्या लेन्समधून आकाशाचा प्रकाश जुन्या लेन्सपेक्षा सुमारे दहा टक्के कमी येतो! वर फ्रेमची रुंदी निम्म्यावर. ही लेन्स घ्यायला ती हातातली विकणार होती.

आता एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती मी नाइलाजाने करतो. काजवा आणि तारा हे ठिपके आहेत, आकाशासारखा पसरलेला प्रकाश नव्हेत. ठिपक्याचा किती प्रकाश आत येतो हे एफ आकड्यावर नाही, अ‍ॅपर्चरच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतं. २४ ला १.४ ने भागा, १७ मिलिमीटर. १४ ला २.८ ने भागा, ५ मिलिमीटर. क्षेत्रफळात हा फरक जवळजवळ बारा पट येतो, म्हणजे मेसेजने इथे आपलीच बाजू कमी सांगितली. काजव्याची चमक क्षणाची असते, शटर जास्त वेळ उघडं ठेवून तिचा ठिपका उजळत नाही, फक्त आणखी ठिपके जमा होतात. तेव्हा दूरच्या एकाच झाडाचा, मोजक्या काजव्यांचा फोटो हवा असेल तर २४ एमएम एफ १.४ हे उत्तम हत्यार आहे. त्याबद्दल वाद नाही.

पण त्याची किंमत फोकसच्या खोलीत, म्हणजे कुठपासून कुठपर्यंतचं नीट दिसतं त्यात, मोजावी लागते. फुल फ्रेमवर २४ एमएम एफ १.४ ने ८ मीटरवर फोकस लावला तर साधारण ५ ते १९ मीटरपर्यंतचं नीट दिसतं, अलीकडून उडत गेलेला प्रत्येक काजवा भोपळा. १२ एमएम एफ २ वर ६ मीटरला फोकस लावला तर सव्वादोन मीटरपासून पुढचं सगळं चालण्याजोगं येतं. झाड, त्याच्या भोवतीचे काजवे आणि वर वृश्चिकाची शेपटी, हे सगळं एका फ्रेममध्ये हवं असणाऱ्याला ही १२ एमएमचीच लेन्स लागते. (तारे अगदी टाचणीसारखे हवेत तर आकाशासाठी फोकस बदलून वेगळी फ्रेम घ्या.)

आणि तो हजारो ठिपक्यांचा फोटो ‘एका क्लिकचा’ नाही. असे फोटो कसे होतात हे करणारे लोक उघडपणे सांगतात: ट्रायपॉड न हलवता १५-२० सेकंदांच्या पुष्कळ फ्रेम काढायच्या आणि नंतर संगणकावर लाइटन मोडमध्ये (प्रत्येक जागी सगळ्यात उजळ ठिपका ठेवणारी पद्धत) एकावर एक चढवायच्या. त्यात काहीही गैर नाही. गैर आहे ते त्या फोटोखाली ‘एफ १.४, सिंगल शॉट’ लिहून लोकांना लेन्स विकायला लावणं.

क्रॉपवर एफ २ चं एफ ३ होतं हा दावा अर्धाच खरा आहे. फोकसची खोली आणि एकूण गोळा झालेला प्रकाश यांची फुल फ्रेमशी तुलना करायची असेल तर १२ एमएम एफ २ ही १८ एमएम एफ ३ सारखी वागते. पण एक्स्पोजर एफ २ चंच धरायचं. मेसेजमधलं ऐकून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) सव्वादोन पट करू नका.

ऑटोफोकस लेन्स निरुपयोगी हेही पटणारं नाही. सिग्माची २०२३ ची १४ एमएम एफ १.४ ऑटोफोकसचीच आहे, आणि ती बनवलीच मुळी ताऱ्यांसाठी. तिला फोकस लॉकचं बटण आहे. तक्रार आहे ती बऱ्याच ऑटोफोकस लेन्सच्या इलेक्ट्रॉनिक रिंगबद्दल: कॅमेरा बंद करून चालू केला की लावलेला फोकस हरवू शकतो. मेकॅनिकल रिंगला ती भीती नाही, आणि संध्याकाळी फोकस लावून रात्री काम करायचं असेल तर हा फायदा मोठा आहे. फक्त कॅमेऱ्याशी जोडणाऱ्या विजेच्या संपर्कपट्ट्या नसलेल्या लेन्सवर कॅमेऱ्यात ‘लेन्सशिवाय शटर चालू’ हा पर्याय सुरू करावा लागतो आणि अ‍ॅपर्चर फोटोच्या माहितीत येत नाही, ते वहीत लिहून ठेवा.

राहिलं स्वस्त-महाग. फरक नावाचा नसतो, तो कोपऱ्यांत असतो. मधोमध जवळपास सगळ्याच लेन्स बऱ्या दिसतात. वाइड लेन्स पूर्ण उघडली की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना दोन पंख फुटतात, त्याला कोमा म्हणतात. एफ १.४ ची लेन्स घेऊन पंख घालवायला तिचं अ‍ॅपर्चर एफ २.८ पर्यंत लहान करावं लागत असेल तर जास्तीचे पैसे वायाच गेले. सॅमयांगच्या १४ एमएम एफ २.८ मध्ये क्षितिजाची रेघ मिशीसारखी वाकते, पण कोमा आवरलेला असल्याने ती ताऱ्यांच्या मंडळींत इतकी वर्षं टिकली आहे. लाओवाच्या १५ एमएम एफ २ मध्ये रेघा सरळ राहतात आणि पुढे ७२ एमएमचा फिल्टर बसतो, सॅमयांगच्या त्या फुगीर काचेवर साधा फिल्टर बसत नाही.  दोन लेन्स, दोन वेगळी कामं.

एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक पडतो, स्वस्त लेन्समध्ये जास्तच. म्हणून कुठलीही घ्या, पहिल्या निरभ्र रात्री एक ठळक तारा मधोमध ठेवून फोकस लावा, मग रिंगला हात न लावता तोच तारा चारही कोपऱ्यांत नेऊन एकेक फ्रेम काढा. चारही कोपरे सारखे बिघडलेले असतील तर तो डिझाइनचा स्वभाव. तीन बरे आणि एकच फिसकटलेला असेल तर आतली काच मधोमध बसलेली नाही. असा नग परत करायची मुदत संपायच्या आत दुकानदाराकडे न्या, आणि तपासलेल्या फ्रेम बरोबर घेऊन जा.